टोचून आणा, मग या

कुत्र्यांच्या बाबतीत माझा धाकटा भाऊ अत्यंत शहाणा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे, तेव्हा कुणी म्हणायला नको की हिला सख्ख्या भावाचं काही चांगलं दिसतच नाही.

आमचं कुत्र्यांचं पाळणाघर आहे. लोक परगावी निघाले की कुत्रं आमच्याकडे सोडतात, परत आले की घेऊन जातात. मधल्या काळात त्याचं खाणं, हगणंमुतणं, रुसवेफुगवे, सगळं आमच्याकडे. धंदा आम्हा दोघांचा, पण फाटकावर भाऊ उभा असतो म्हणून सगळे त्यालाच मालक म्हणतात. मी आतलं बघते. खाणं शिजवायचं, भांडी धुवायची, आणि 'आमचा राजा जेवला का हो' म्हणून फोनवर मुसमुसणाऱ्या बायाबाप्यांना धीर द्यायचा. भावजय कुत्र्यांना आंघोळी घालते, केस कापते, नखं काढते. फाटकावर पाटी आहे: 'लस टोचलेली नसेल तर कुत्रं आत घेतलं जाणार नाही.' खाली भावाने नंतर स्वतः ब्रश घेऊन रंगवलंय: 'वाद घालू नये.'

लोक तरी घालतातच.

"मालक, या वेळी राहून गेलं हो. आल्या आल्या टोचून घेतो."

"टोचून आणा, दोन आठवडे थांबा, मग या."

"अहो, उद्या सकाळी आमचं विमान आहे!"

"मग त्याला खिडकीजवळची जागा द्या."

असा हा माणूस. मोठे साहेब आले, साहेबांचे फोन आले, रडून झालं, दमदाटी झाली, भाऊ फाटकातून हलला नाही. त्याला कारण आहे. पहिल्याच वर्षी एका गोडबोल्या गिऱ्हाइकाचं पिल्लू त्याने लशीचं पुस्तक न बघता आत घेतलं. पिल्लाला पार्व्हो होता, रक्ताची हगवण लावून कुत्रं मारणारा रोग. आठवडाभरात मागच्या खोल्यांची सगळी रांग ओस पडली. भावाने स्वतः खड्डे खणले आणि एकेका घरी जाऊन, मेलेल्या कुत्र्याचा पट्टा मालकाच्या हातात देऊन, जे झालं ते सांगितलं. एका म्हाताऱ्याने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने खाल्ली. त्यानंतर आमच्याकडे काचेची खोली झाली. मागच्या अंगाला, बाकीच्या रांगेपासून लांब, तिला स्वतःचा पंखा, स्वतःचं गटार, स्वतःचा झाडू. राहायला आलेलं एखादं कुत्रं मध्येच शिंकायला लागलं की ते तिथे जातं आणि आम्ही काचेतून त्याच्याकडे बघतो.

आणि या माणसाच्या पोटच्या पोरीला, नऊ वर्षांच्या, जन्मापासून एकही लस टोचलेली नाही.

हवं तर परत वाचा. मी रोज डोळ्यांनी बघते, मलाही अजून खरं वाटत नाही.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. ती पोटात असताना भाऊ फोनवरच्या एका गटात शिरला. 'निसर्गाचं बाळ' असं त्या गटाचं नाव. तो चालवणाऱ्या बाईंना मी निसर्गबाई म्हणते. ही बाई रोज सकाळी उठून झाडाखाली बसल्याचा फोटो टाकते, खाली चार ओळी लिहिते, आणि तेवढ्यावर शेकडो आईबाप आपल्या पोरांना डॉक्टरपासून वाचवत बसतात. ही बाई डॉक्टर नाही, नर्स नाही. पूर्वी पडदे विकायची म्हणतात. पडदे विकण्यात वाईट काही नाही. पण मग पडद्यांबद्दल बोलावं.

मी त्याला गोडीने सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा ताट आपटून सांगितलं.

"बाळ्या, कुत्र्यांना टोचतोस ना?"

"कुत्र्याची गोष्ट वेगळी, ताई."

"वेगळी कशी?"

"कुत्रं रस्त्यात दिसेल ते चाटतं."

"तुझी कार्टी काय कमी चाटते? काल फाटकाची कडी चाटत होती!"

"ते सोड. तू अभ्यास कर जरा. अभ्यास न करता बोलतेस."

हा 'अभ्यास' शब्द ऐकला की माझ्या डोक्यात सणक जाते. शाळेत असताना याच्या वह्या मी लिहिल्या आहेत.

भावजयीला विचारलं तर ती कात्रीवरचे केस फुंकत म्हणायची, "मला नाही बाई कळत यातलं. घरात भांडण नको एवढंच." आईला फोन केला तर आई म्हणायची, "दोघांचंही बरोबर आहे." अगं आई, एक म्हणतो घराला आग लागलीय, दुसरा म्हणतो नाही लागली, दोघांचं बरोबर कसं असेल? तर म्हणे, "मग तिला एखादी छोटीशी टोचा." छोटीशी! जशी काही टिकली लावायची आहे. खरं सांगते, भावाचा मला राग येतो, पण या मध्ये बसणाऱ्यांचा जास्त येतो. भाऊ निदान चूक असण्याचे कष्ट तरी घेतो.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. सात-आठ वर्षं गिळलंच. पण मग आमच्या यांची किडनी गेली.

दीड वर्ष यांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला टेकून काढलं. मग यांच्या थोरल्या बहिणीने स्वतःची किडनी दिली. कुणाची वस्तू शरीराने आपली मानावी म्हणून औषधं घ्यावी लागतात, आणि ती औषधं शरीरातल्या सगळ्या पहारेकऱ्यांना झोपवतात. चोर आला तर दार उघडंच. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "तुम्हाआम्हाला चार दिवस झोपवणारा आजार यांना उचलून नेईल. लहानपणी गोवराची लस घेतली होती का, ते यांना आठवत नाही, तपासणीतही काही दिसत नाही. आणि आता ती देता येत नाही. त्यामुळे यांच्या आसपासच्या प्रत्येकाने टोचून घेतलेलं असलं पाहिजे. प्रत्येकाने. कळलं?"

कळलं. मला कळून काय उपयोग?

कारण यांच्या सगळ्यांत जवळचं माणूस कोण, तर भिंगरी. आमची घरं एकमेकांना चिकटून, मधल्या बोळकांडीत एक दार, आणि ते दार बंदही होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. हे आजारी पडल्यापासून घरात असायचे आणि शाळा सुटली की ती पायातले बूटही न काढता "आतोबा, डाव मांडा!" म्हणत आत. दोघं बुद्धिबळ खेळायची. म्हणजे हे बुद्धिबळ खेळायचे आणि ती घोडे पळवायची. तिचा घोडा अडीच घरं कधीच जायचा नाही, त्याला जिथे जायचं तिथे जायचा. हे म्हणायचे, "अगं, हा घोडा आहे की पाळणाघरातून सुटलेलं कुत्रं?"

या लशीच्या पायी यांचा एक मित्र आधीच तुटला होता. कचेरीतला, पंचवीस वर्षांचा मित्र. दवाखान्यात यांच्या उशाशी बसून ज्याने रात्री काढल्या, तोच. मी एकदा त्याला दारात विचारलं, "भाऊजी, तुम्ही या वर्षीची फ्लूची लस घेतलीत ना?" नुसतं विचारलं. मला विचारावं लागतं. तर त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याचे खिसे तपासले. म्हणाला, "वहिनी, तुम्ही लोक भीतीवर जगता." हातातली फळांची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि गेला. त्यानंतर आला नाही. आजही रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जातो. हे कधी कधी खिडकीतून त्याला जाताना बघतात आणि मला म्हणतात, "अगं, जरा वेगळ्या शब्दांत विचारायचं होतंस." कोणते वेगळे शब्द? मी शोधतेय. मिळाले की कळवते.

आणि मग भिंगरीच्या शाळेत गोवर आला.

आधी एक पोरगा, मग त्याची बहीण, मग भिंगरीच्याच वर्गातली एक मुलगी. शाळेने निरोप धाडला. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्यांनी माझं वाक्य पुरतं होऊही दिलं नाही. "त्या मुलीला यांच्या जवळ येऊ देऊ नका. ती बरी दिसत असली तरी."

मी मधल्या दाराला आतून कडी घातली. कडी इतकी गंजलेली होती की हातोडीने ठोकावी लागली.

तो आवाज ऐकून भाऊ पलीकडून आला. "ताई, हे काय?"

"तुला माहितीये काय ते."

"माझ्या पोरीला दार बंद करतेस?"

"आजाराला करते."

"तिला काही झालेलं नाही! ती ठणठणीत आहे! तुझी ती डॉक्टरीण—"

"तिला टोच. उद्या टोच. मी कडी काढते."

"तुझा नवरा आजारी म्हणून मी माझ्या पोरीच्या अंगात काहीही घालू?"

हे वाक्य दारातून इकडे आलं. आमचे हे मागेच उभे होते. खुर्चीत बसले आणि पटावरची प्यादी सरळ करत राहिले, जी आधीच सरळ होती.

त्यानंतर आम्ही भाऊबहीण फक्त कुत्र्यांबद्दल बोलायचो. "तिसऱ्या खोलीतल्याने खाल्लं नाही." "त्याला भिजवून दे." संपलं. भावजय दोन्हीकडे बघून उसासे टाकायची. दुपारी बोळकांडीच्या पलीकडून भिंगरी दारावर बोटांनी टकटक करायची आणि हे इकडून करायचे. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात घासायची.

आता निसर्गबाईंचं ऐका.

एका सकाळी फाटकाशी गाडी थांबली आणि त्यातून साक्षात त्या उतरल्या. मी फोटोवरून ओळखलं. सोबत पांढराशुभ्र, कापसाच्या गाठोड्याएवढा कुत्रा. भाऊ तर असा फुलला, जणू साक्षात देवीच त्याच्या घरी आली. मी खाण्याची बादली घेऊन तिथेच थांबले. भिंगरी शाळा बंद म्हणून पेंढ्याच्या पोत्यावर बसून पाय हलवत होती.

"दादा, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," निसर्गबाई म्हणाल्या. "आमच्या शिबिरासाठी बाहेर चाललेय. याला आठवडाभर ठेवायचंय."

"ठेवा ना! आपलंच घर आहे. त्याचं लशीचं पुस्तक द्या फक्त."

निसर्गबाई हसल्या. "दादा! तुम्ही मला विचारताय?"

"म्हणजे?"

"आम्ही याला काहीही टोचलेलं नाही. शुद्ध आहे तो. कच्चं खातो, उन्हात बसतो. त्याची स्वतःची ताकद आहे."

मी बादली खाली ठेवली. असा योग आयुष्यात एकदाच येतो.

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकदा पाटीकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "नाही म्हणजे... ते ठीक आहे मॅडम, पण इथे नियम आहे."

"नियम कुणासाठी असतात दादा? घाबरटांसाठी. तुमच्या कुत्र्यांना टोचलेलं आहे ना? मग माझ्या कुत्र्याची त्यांना भीती कसली?"

हे वाक्य, फक्त कुत्र्याच्या जागी पोरगी घालून, शब्दन् शब्द भावाने मला हजारदा ऐकवलं होतं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, आता काय बोलतोस म्हणून.

आणि माझा भाऊ बोलला. फाटकावरच्या त्याच्या आवाजात.

"सगळ्यांना टोचता येत नाही बाई. मागच्या रांगेत पिल्लं आहेत, त्यांचं वय झालेलं नाही. एक म्हातारी कुत्री आहे, तिला गाठीचं औषध चालू आहे, तिला टोचलं तर सोसणार नाही. त्यांना कोण वाचवणार? आजूबाजूच्या सगळ्यांना टोचलेलं असेल तरच ती वाचतात. तुमचा कुत्रा ठणठणीत दिसतो. ते पिल्लूही ठणठणीत दिसत होतं. मी माझ्या हाताने खड्डे खणलेत. ताकद-बिकद मला सांगू नका. टोचून आणा, दोन आठवडे थांबा, मग या."

निसर्गबाई कुत्र्याचे कान कुरवाळायला लागल्या. मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पण दादा, तुमच्या मुलीला तर तुम्ही..."

"ती मुलगी आहे! हे कुत्रं आहे!" भाऊ ओरडला.

निसर्गबाईंनी गाठोडं उचललं. "मी निदान घरात एकच नियम लावते," असं म्हणून गाडीत बसल्या. मला ती बाई त्या क्षणापुरती आवडली, काय करू?

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, "एक शब्द बोलू नकोस." आणि रांग झाडायला निघून गेला. नुकतीच झाडलेली रांग. आम्ही सगळे पोत्यावरच्या पोरीला विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे पाणी भरायला गेले, तर काचेच्या खोलीत पंखा चालू. म्हटलं, कोण शिंकलं? बघते तर आत भिंगरी. जमीन घासून पुसलेली, सगळीकडे ब्लीचचा वास, कोपऱ्यात सतरंजी, सतरंजीवर तिचा बुद्धिबळाचा छोटा पट. काचेला बाहेरून एक कार्ड चिकटवलेलं. आमच्याकडे प्रत्येक कुत्र्याच्या दाराला असतं तसलंच, तिच्या अक्षरात.

'वय: ९. खाणं: कारली सोडून सगळं. झोप: पंखा लागतो. चावते का: कधी कधी. लस: नाही.'

आणि काचेच्या बाहेर, उघड्या अंगणात, तोंडाला मास्क बांधून आमचे हे खुर्चीवर. समोर स्टूल, स्टुलावर मोठा पट.

"अहो! हे काय चाललंय?"

"तिने दारावर टकटक करून सांगितलं, मागे या, मी सोय केलीय म्हणून," हे म्हणाले. मास्कमधूनही कळत होतं की माणूस खूश आहे. "तिची हवा पलीकडे जाते, मी उघड्यावर आहे. बघ, सगळं नियमात आहे. ती आतून चाल सांगते, मी इथे तिचं प्यादं हलवतो. घोडा मात्र मी हलवतो म्हणून आज पहिल्यांदा अडीच घरं चालतोय."

"खोटं!" आतून भिंगरी ओरडली. "आतोबा माझा घोडा चुकीचा ठेवतात!"

मी काही बोलायच्या आत मागून भाऊ आला. आधी त्याला कळेचना. मग त्याने कार्ड वाचलं. परत वाचलं.

"बाहेर ये."

"नाही बाबा. नियम आहे ना?"

"भिंगरे, बाहेर ये म्हणतो ना! ही कुत्र्यांची खोली आहे!"

"मी धुतलीय. आधी साबणाने, मग ब्लीचने, तुम्ही करता तशी."

"तू काय कुत्रं आहेस?"

पोरगी गोंधळली. तिने खरंच विचार केला, हे मला काचेतून दिसलं. मग म्हणाली, "पण बाबा, आतोबांना टोचता येत नाही. त्या म्हाताऱ्या कुत्रीसारखं. तुम्हीच काल म्हणालात, आजूबाजूच्यांना टोचलेलं पाहिजे. मला नाहीये. मग मी इथेच बसणार ना?"

भाऊ माझ्याकडे वळला. "हे तू शिकवलंस तिला."

"मी? मला जमलं असतं तर केव्हाच शिकवलं नसतं का?"

"माझ्या पोरीला पिंजऱ्यात बसवलंस! आपल्या नवऱ्यासाठी!"

"मी फक्त दाराला कडी घातली रे! पिंजरा तुझा, नियम तुझा, पाटी तुझी! 'वाद घालू नये' पण तुझंच!"

आमचा आवाज इतका चढला की सगळी रांग भुंकायला लागली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मागे आलं. जाड भिंगांचे निवृत्त मास्तर, त्यांच्या कुत्रीला न्यायला. त्यांनी काचेत बघितलं, कार्ड वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं.

"मालक," मास्तर म्हणाले, "गेल्या महिन्यात माझ्या कुत्रीच्या पुस्तकावर शिक्का पुसट आहे म्हणून तुम्ही मला परत पाठवलंत. पावसातून. आठवतंय?"

भावाने मान डोलावली.

"तेव्हा मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, कडक आहे पण माणूस खरा आहे." एवढं बोलून त्यांनी कुत्रीचा पट्टा धरला आणि हळूहळू फाटकाकडे गेले. थोबाडीत मारली असती तर भावाने खाल्ली असती. हे त्याला खाता येईना.

अंगणात तो उभा होता आणि भावजय हातात केस कापायचं मशीन घेऊन दारात. मशीन चालूच. मी तिला म्हटलं, "आता तरी बोल काही. की अजूनही तुला कळत नाही यातलं?"

तिने मशीन बंद केलं. माझ्याकडे असं बघितलं की मीच जरा मागे सरले. "मला पहिल्या दिवसापासून कळतंय, ताई," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एकमेकांना हरवताय. त्यात मी मध्ये शिरले असते तर मलाही कुणाच्या तरी बाजूला बसवलं असतं. पोरीच्या बाजूला कोण बसलं होतं?"

बोलली ते खरं होतं. आणि तरी सांगते, तिच्यावरचा राग गेला नाही माझा. कळत होतं तर न्यायची होती दवाखान्यात. कुणी हात धरले होते?

भाऊ काचेजवळ गेला. वाकला. बाहेरून कार्डाची एक कड सुटली होती ती त्याने अंगठ्याने नीट दाबली. सवय. मग सरळ उभा राहिला आणि भिंतीकडे बघत, फाटकावरच्या कोरड्या आवाजात, जणू बायको कुणी गिऱ्हाईक आहे, म्हणाला:

"टोचून आणा. दोन आठवडे थांबा. मग या."

मास्तरांची कुत्री लांब फाटकाशी एकदा भुंकली.

माझ्या जिभेच्या टोकावर काय काय होतं म्हणून सांगू! नऊ वर्षं साठवलेलं. नुसतं तोंड उघडलं असतं तर धरण फुटलं असतं. यांनी खुर्चीतून माझ्याकडे बघितलं आणि मास्कवर, जिथे ओठ असतात तिथे, एक बोट ठेवलं. मी पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि बादली भरत राहिले. भरून वाहिली तरी भरत राहिले.

टोचायला नेलं ते भावानेच. भावजय नेणार होती, तर म्हणे, "तुला बघता येणार नाही." मी सोबत गेले, तोंड न उघडण्याच्या अटीवर. दवाखान्यात त्याने नर्सला भंडावून सोडलं. बाटली दाखवा. तारीख दाखवा. फ्रीज किती थंड आहे? मध्ये लाइट गेली होती का? सुई माझ्यासमोर उघडा. नर्स म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात का?" तर हा म्हणतो, "मी पाळणाघर चालवतो." बिचारीला वाटलं पोरांचं.

मग त्याने भिंगरीला मांडीवर घेतलं, एक हात तिच्या मानेमागे, एक तिच्या कोपराखाली, जसं तो भित्र्या पिल्लांना धरतो, आणि तिच्या कानाशी तसाच घशातून आवाज काढत राहिला. सुई आत गेली तेव्हा डोळे त्याने मिटले, तिने नाही.

काचेच्या खोलीतून दोन आठवडे चाली ओरडणं चाललं. पुढच्या लशीही ठरल्या. त्या गटातून भावाचं नाव निसर्गबाईंनी काढलं की त्याने स्वतः काढून घेतलं, मला माहीत नाही. तो म्हणतो, फोनमध्ये जागा नव्हती. यांचा मित्र अजून पलीकडच्या बाजूनेच जातो.

डॉक्टरीणबाईंनी चालेल म्हटल्यावर मी हातोडी घेऊन मधल्या दाराची कडी ठोकून काढली. भिंगरी बुटांसकट आत, पट मांडलेला, पहिल्याच फेरीत तिचा घोडा पटाच्या या टोकाहून त्या टोकाला. हे इतके हसले की मला त्यांच्या टाक्यांची भीती वाटली. मी कुत्र्यांच्या खाण्याची भरलेली बादली घेऊन मागच्या दाराने निघाले होते. भाऊ चौकटीला टेकून दोघांना बघत होता. चेहऱ्यावर समाधान.

"बघ ताई," तो म्हणाला, "आला का गोवर? कुणालाही काही झालं नाही. उगाच घाबरवून सोडलं होतंस सगळ्यांना."

मी थांबले. बादलीची कडी माझ्या बोटांत रुतली. आत भिंगरी "शह!" म्हणून ओरडली, आणि हे म्हणाले, "अगं, हा शह नाही, हा दरोडा आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. बादलीकडे बघितलं. बादली जड होती, चांगली काठोकाठ भरलेली, गरम.

मग मी बाहेर गेले आणि पहिल्या खोलीपासून वाढायला सुरुवात केली.